बर्गी उतरले हावड्याला

१७४२ साली कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो नागपूरकरांच्या धास्तीने. रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये घुसला होता आणि त्याचे बर्गी घोडेस्वार आज येतात की उद्या, एवढाच प्रश्न उरला होता. बेत सात मैलांचा, सहा महिन्यांत तीनएक मैल खणून झाला. पण बर्गी काही कोलकात्यापर्यंत आले नाहीत. ते आता येतात. रविवारी संध्याकाळी नागपूरला गीतांजली एक्स्प्रेसमध्ये चढतात आणि सोमवारी दुपारी चार बॅगा, पाण्याचा कॅन आणि सांबारवडीचा डबा घेऊन हावड्याला उतरतात.

यातल्या एका बर्ग्याला आपण भाऊसाहेब म्हणू. वय साठीच्या आसपास, नोकरी बँकेत किंवा वीज मंडळात झालेली, घर नागपूरच्या महाल भागात. राहायला दुसरीकडे गेले असले तरी सांगायला महालातच. सोबत वहिनी. पुढचे चार दिवस ही मंडळी इतर कुणाही पर्यटकांसारखीच वागतात. त्यांची खरी जात कळते ती पोचल्या दिवशी. त्या दिवशी भाऊसाहेब शहर बघत नाहीत, शहराचा ताबा घेतात.

ताब्याची तयारी गाडीतच सुरू होते. गीतांजली १९७७ च्या डिसेंबरात, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली आणि तेव्हा तिला वर्गच नव्हते, सगळे प्रवासी सारखे, ही माहिती भाऊसाहेब वातानुकूलित डब्यातल्या खालच्या बर्थवर पाय पसरून समोरच्या बंगाली कुटुंबाला देतात. त्या बदल्यात शहरातले टॅक्सीचे दर, हॉटेलं आणि ठग यांची माहिती काढून घेतात. खरगपूर गेलं की बॅगा दाराशी. हावडा अजून शंभरावर किलोमीटर लांब असतं.

‘‘अहो, बसा ना जी. स्टेशन पळून नाही राहिलं,’’ वहिनी म्हणतात.

भाऊसाहेब बसत नाहीत. मधल्या प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की ते घड्याळ बघतात आणि मग वहिनींकडे बघतात. जणू सिग्नल त्यांनीच दिला नाही.

हावडा स्टेशनला तेवीस फलाट आहेत. त्यातल्या कोणत्याही फलाटावरून बाहेर पडायच्या दोन वाटा असतात आणि भाऊसाहेब पहिल्यांदा दुसरीच धरतात. मग प्रीपेड टॅक्सीची रांग. वाटेत तिघे टॅक्सीवाले बॅगेला हात घालतात. गाडीतल्या कुटुंबाने सावध केलेलं असल्यामुळे तिघांकडेही चोर म्हणूनच पाहिलं जातं. पण पावती हातात येऊन पिवळी अँबॅसेडर समोर उभी राहिली, की हा माणूस विरघळतो. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची २०१४ सालीच थांबली, कोलकात्यातही ती आता विरळ होत चालली आहे. भाऊसाहेबांच्या मोठ्या साहेबांकडे होती. डिकीत चारही बॅगा मावतात, कॅन मावतो आणि वर जागा उरते, हे ते वहिनींना दोनदा दाखवतात.

टॅक्सी हावडा पुलावर येते. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला, नट-बोल्ट न वापरता नुसत्या रिव्हेटांवर जोडलेला, नदीत एकही खांब नसलेला पूल. माणसाने इथे तोंड उघडं टाकावं आणि गप्प बसावं. भाऊसाहेबांचं तोंड उघडतं, पण वेगळ्या कारणाने. नागपुरात वर्धा रोडवर खाली गाड्या आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे, त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे टॅक्सीवाल्याला कुणीतरी सांगायलाच हवं. ते सांगून होईस्तोवर पूल संपतो. नदी वहिनींनी पाहिलेली असते. फुलांचा बाजार, घाटावर आंघोळ करणारी माणसं, डोक्यावर ओझं घेऊन पळणारे हमाल, सगळं.

हॉटेल धर्मतल्याच्या बाजूला. खोलीची तपासणी हा या दिवसाचा गाभा आहे आणि ती पाहण्यासारखी असते. आधी गीझर. मग फ्लश. मग प्रत्येक बटण दाबून कोणतं कशाचं हे पाठ करणं, कारण रात्री उठावं लागतं. गादी दाबून, उशी उलटी करून, खिडकी उघडून पाहिली जाते. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचा एसीचा डबा दिसतो आणि भाऊसाहेब ‘व्ह्यू नाही’ अशी तक्रार घेऊन खाली जातात. ते खाली असताना वहिनी बॅगेतून नायलॉनची दोरी काढून कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत बांधतात, दोन ओले टॉवेल टाकतात, किटली लावतात आणि चहा करतात. खोलीचा खरा ताबा तेव्हा मिळतो. भाऊसाहेब हात हलवत परत येतात, तोवर त्यांना दुसरी खोली नकोच असते.

खाली एक मोठी बातमी कळलेली असते. आज सोमवार. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद, १८१४ साली स्थापन झालेलं इंडियन म्युझियमही बंद. दोन महिने आधी तिकिटं काढणाऱ्या, डायरीत चार रंगांच्या शाईने कार्यक्रम लिहिणाऱ्या माणसाच्या हातून हे सुटतं कसं, असा प्रश्न पडेल. सुटतं, कारण निघायचा वार ठरवताना विचार शहराचा झालेला नसतो. मुलाला स्टेशनवर सोडायला रविवारीच सवड असते, एवढाच झालेला असतो.

मग नदीखालची मेट्रो. २०२४ च्या मार्चपासून ती धावते आहे, एस्प्लनेडहून हावडा मैदानाकडे जाताना हुगळीच्या पोटातून पाऊण मिनिटात निघते आणि तेवढ्या भागात बोगद्यात निळे दिवे लागतात. भाऊसाहेब काचेला नाक लावून उभे राहतात. ‘‘मासे नाही दिसले,’’ वहिनी म्हणतात. हे त्या गंमतीने म्हणतात की खरंच, हे भाऊसाहेबांना तीस वर्षांच्या संसारानंतरही ओळखता येत नाही, म्हणून ते काँक्रीटच्या बोगद्याची रचना पूर्ण समजावून सांगतात आणि परतीच्या फेरीत पुन्हा काचेशी उभे राहतात.

सोमवार असण्याचा आणखी एक त्रास असतो. वहिनींचा उपवास. एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर के. सी. दास यांच्या दुकानात, म्हणजे बंगाली रसगुल्ल्याचे जनक मानले जाणारे नवीनचंद्र दास यांच्या घराण्याच्या दुकानात, रसगुल्ला उपवासाला चालतो का यावर गंभीर चर्चा होते. छाना म्हणजे दूधच, साखर चालते, मग अडचण कुठे आहे, असा भाऊसाहेबांचा युक्तिवाद. त्यात रवा नसेल कशावरून, हा वहिनींचा. काउंटरवरच्या माणसाला ‘इसमें रोवा है क्या’ असं विचारलं जातं. प्रत्येक हिंदी शब्दातल्या ‘अ’चा ‘ओ’ केला की बंगाली होतं, अशी भाऊसाहेबांची पक्की समजूत आहे. रवा नसतो. वहिनी दोन खातात. ज्यांचा उपवास नाही ते भाऊसाहेब पाच खातात आणि संत्रा बर्फीची सर नाही म्हणून निकाल देतात.

न्यू मार्केटमध्ये त्यांच्यातला बर्गी पूर्ण जागा होतो. हे मार्केट १८७४ पासूनचं, इथला दुकानदार भाव करण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेला. भाऊसाहेब किंमत ऐकतात, मान हलवतात आणि बरोबर एक चतुर्थांश कमी करून मागतात. चौथाई! १७५१ च्या तहात नवाब अलीवर्दीखानाने भोसल्यांना वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली होती. दुकानदार एका पिशवीमागे वीस रुपये कबूल करतो. दोन्ही बाजू आपण जिंकलो अशा समजुतीने निघतात.

रात्री रिसेप्शनवर भाऊसाहेब मूळ मुद्द्यावर येतात. मराठा खंदक बघायचाय. तिथला पोरगा सांगतो की तो केव्हाच बुजवला, त्यावरून रस्ता गेला. खरं आहे: १७९९ मध्ये भराव घालून सर्क्युलर रोड केला आणि आता त्या रस्त्यांना जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांची नावं आहेत. बागबाजारच्या एका गल्लीत तेवढं मराठा डिच हे नाव उरलं आहे. मग तो पोरगा हसत सांगतो की लहानपणी आजी त्याला बर्गी आल्याचं गाणं म्हणून झोपवायची. भाऊसाहेबांची छाती फुगते. म्हणजे अजून आठवण आहे तर!

‘‘काहून पण? काय केलं होतं आपल्या लोकांनी?’’ वहिनी विचारतात.

पोरगा संकोचतो. त्याने गंगारामाचं ‘महाराष्ट्र पुराण’ वाचलेलं असेल-नसेल. त्याच काळात लिहिलेल्या त्या बंगाली काव्यात जाळलेली गावं आणि पळणारी माणसं आहेत. आपल्याकडे शाळेत चौथाई हा कराचा प्रकार म्हणून येतो, गुण दोन. भाऊसाहेब घाईने १७४४ काढतात: भास्कररामाला बोलणीसाठी बोलावून अलीवर्दीने दगा केला, मारलं. तेही खरंच आहे. पण वहिनी तोवर वर जाऊन संत्रा बर्फीचा एक डबा घेऊन येतात आणि त्या पोराच्या हातात ठेवतात. तो डबा भाऊसाहेबांनी चौथ्या दिवसासाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून ते काही क्षण बोलत नाहीत.

मग डायरी निघते. मंगळवार दक्षिणेश्वर, बुधवार म्युझियम आणि व्हिक्टोरिया, गुरुवार अलीपूरचं प्राणिसंग्रहालय, पूर्ण दिवस, लाल शाईने. ते पोराला यादी वाचून दाखवतात आणि विजयी चेहऱ्याने विचारतात, ‘‘ठीक है ना?’’

पोरगा बर्फीचा तुकडा गिळून म्हणतो, ‘‘गुरुवार को चिड़ियाखाना बंद रहता है, सर.’’