सासुरवाशीण पिकअप

(स्थळ: बेंगळुरूचं पीण्या औद्योगिक क्षेत्र, दुसरा टप्पा. दोन शटरचं गॅरेज. वेळ: आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची दुपार. रस्त्याच्या कडेला कोहळे, केळीचे खुंट आणि झेंडूचे ढीग. गल्लीतल्या झाडून साऱ्या कारखान्यांत लेथ पुसायचं काम चाललेलं. तेवढ्यात एक पिकअप येते. येते म्हणजे आणली जाते. मागून ड्रायव्हर आणि गॅरेजचा पोरगा ढकलताहेत. पुढे मालक चालताहेत: पांढरा शर्ट, खिशात व्हर्निअर, भाषा पुण्याची.)

मिस्त्री: या मालक. ढकलत आणलीसा?

मालक: सेल्फ जरा कुरकुरतोय, एवढंच. बाकी गाडी ठणठणीत आहे. उद्या सकाळी नऊला पूजा. तेव्हा धुऊन, पॉलिश मारून, एक ट्यून-अप करून द्या.

मिस्त्री: ट्यून-अप म्हंजे नेमकं काय करू?

मालक: म्हणजे आपलं ते... प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, कार्बोरेटरला फुंकर मारायची. माझी स्कूटर होती. नुसती आडवी केली की सुरू व्हायची.

मिस्त्री: हिला आडवी करायची तर क्रेन मागवाय लागंल. आणि मालक, डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतोय. कार्बोरेटर बी नसतोय. आत हवा एवढी दाबली जाती की ती तापून लाल, त्यात डिझेल फवारलं की पेटलं. हिचं ट्यून-अप म्हंजे टॅपेट, नोझल आणि फिल्टर.

मालक: (ड्रायव्हरकडे बघून) ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, ते पाहत होतो.

मिस्त्री: (नंबरप्लेटवरची धूळ अंगठ्याने पुसतो) केए बावीस! अवो, ही तर आमच्या बेळगावची!

मालक: हो, तिकडच्याच एका फाउंड्रीवाल्याकडून घेतली. २०११चं मॉडेल. स्वस्तात मिळाली.

मिस्त्री: पाचशे किलोमीटरवरनं लेक दिली हो आमी तुमाला. आणि तुमी तिची ही दशा केलीसा? (बॉनेटवर हात ठेवून) काय गं बाई, खायाला-प्यायला घालत्यात का न्हाई तुला?

मालक: डिझेल घालतो की दर आठवड्याला.

मिस्त्री: डिझेल तुमी तुमच्या कामासाठी घालता. तिच्यासाठी काय घालता? (ऑइलची पट्टी ओढून काढतो, कापडाने पुसतो, पुन्हा बुडवून वर काढतो.) टेकलंय बगा, खालच्या खुणेच्या बी खाली.

पोरगा: (वाकून बघत) ऑइल इल्ला, अण्णा!

मिस्त्री: हाय रे, थोडं हाय. पर त्याची काकवी झालीया. मालक, ऑइल शेवटचं कधी बदललं?

मालक: (ड्रायव्हरकडे) कधी?

ड्रायव्हर: साहेब, मी लागलो त्याच्या आधी.

मालक: तू कधी लागलास?

ड्रायव्हर: मेट्रो नागसंद्रापर्यंत यायच्या जरा आधी.

मालक: म्हणजे २०१५च्या आधी? अरे, मध्ये बदललं असेल रे!

ड्रायव्हर: वरून टाकलं साहेब. लाल दिवा लागला की अर्धा लिटर टाकायचं. दिवा विझतो.

मिस्त्री: आता लागतो का दिवा?

ड्रायव्हर: आता नाही लागत. बल्ब उडालाय.

(मिस्त्री कपाळाला हात लावतो. ऑइल लागल्यामुळे कपाळावर काळा टिळा उमटतो.)

मिस्त्री: बरं, हवेचा फिल्टर बगू. (क्लिपा उचकटून डबा उघडतो. आतून तेलकट सुताचा मोठा गोळा निघतो.) हे काय?

मालक: (चष्मा वर करून) हे कॉटन वेस्ट आहे. आमच्याच शॉपमधलं!

मिस्त्री: उंदरानं बाळंतपण केलंय हितं. तुमचं सूत नेलं, गादी केली. मालक, इंजिनाला जेवढं डिझेल लागतंय त्याच्या कितीतरी पट हवा लागती. हवेची वाटच बंद, म्हंजे डिझेल अर्धं जळतंय, उरलेलं काळा धूर हून मागनं जातंय. धूर काळाच हाय न्हवं?

ड्रायव्हर: काळा. सिग्नलला मागचे लोक काचा वर करतात.

मिस्त्री: काळा हाय तंवर नशीब. निळा असता तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावर बी थांबंना, तर पाणी आत शिरतंय. काळा म्हंजे रोगी खातंय जास्त आणि श्वास घेतंय कमी. हा बरा हून जाईल.

मालक: मग कॉम्प्रेसरने मारा फुंकर त्या फिल्टरला.

मिस्त्री: ह्याला आता फुंकर न्हाई, तेरावं. नवा घालूया. आणि पुढच्या वेळी फुंकलासा तर आतनं भाईर फुंका. भाईरनं आत फुंकलं की धूळ कागदात आणखीन रुतती. (पोरग्याला) ए, चहाचा ग्लास आण रे. रिकामा.

(मिस्त्री डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करतो आणि काचेचा ग्लास खाली धरतो. ग्लास अर्धा भरल्यावर स्क्रू आवळून तो टपावर ठेवतो. सगळे वाकून बघतात. आधी नुसतं गढूळ दिसतं. मग हळूहळू तळाशी बोटभर वेगळा थर जमतो, त्याच्यावर पिवळसर डिझेल तरंगू लागतं आणि दोन्हींच्या मधोमध एक चकाकती रेघ उमटते.)

मालक: खालचं काय आहे?

मिस्त्री: पाणी. टाकी अर्धी रिकामी राहिली की रातच्या गारव्यानं आत दव धरतंय. ते ह्या फिल्टरात साठतंय. महिन्याला हा स्क्रू सैल करायचा, पाणी सोडायचं, आवळायचा. दोन मिनटाचं काम. न्हाईतर पाणी पंपात जाऊन नोझल गंजतंय. आणि पंप-नोझलचं बिल आलं की मालक, तुमाला ह्याच ग्लासातनं पाणी पाजाय लागतंय.

मालक: (ग्लास उजेडात धरून) चांगलंच सेपरेशन आहे. (भानावर येत) आणि सेल्फचं काय?

मिस्त्री: सेल्फ बिचारा निर्दोष. ही बॅटरी बगा, टर्मिनलला हिरवी-पांढरी बुरशी आलीया. करंट पोचतच न्हाई. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायचं, घासायचं, आवळायचं, वर जरा पेट्रोलियम जेली लावायची. हीच खरी घासायची जागा, मालक. पॉलिश पेपर हितं मारायचा.

मालक: (आनंदून) म्हणजे माझं निदान तसं जवळपास बरोबर होतं.

मिस्त्री: रेडिएटरात काय घालता?

ड्रायव्हर: बोअरचं पाणी.

मालक: (दचकून) बोअरचं? अरे, त्यात क्षार किती असतात! आमच्या मशीनचं कूलंट मी स्वतः रिफ्रॅक्टोमीटरने मोजतो. अर्धा टक्का इकडचं तिकडे झालं तरी ऑपरेटरला फैलावर घेतो.

मिस्त्री: आणि हिला?

मालक: हिला... हिचं ड्रायव्हर बघतो.

मिस्त्री: मशीनचं कोण बघतंय?

मालक: प्रत्येक मशीनवर तक्ता आहे. तेलाची पातळी, हवेचा दाब, कूलंटचं प्रमाण. रोज सकाळी ऑपरेटरची सही, खाली सुपरवायझरची. त्याशिवाय स्पिंडल फिरत नाही.

मिस्त्री: मग हिचा तक्ता कुठाय?

मालक: ही मशीनच्या यादीत येत नाही. ही 'किरकोळ वाहतूक'मध्ये येते.

(शांतता. मिस्त्री जॅक लावून मागचं चाक उतरवतो. जाता जाता टायरच्या कडेवरचे आकडे वाचतो.)

मिस्त्री: दोन-तीन-एक-पाच.

मालक: पार्ट नंबर असेल.

मिस्त्री: जन्मतारीख हाय. २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी दिसती, पर रबर वाळून भेगाळलंय. नक्षीवर भुलू नका. (ड्रायव्हरला) हँडब्रेक सोड रे.

ड्रायव्हर: सोडतो. (सीटखाली ठेवलेला मोठा दगड उचलून दाखवतो.) हा घ्या.

मालक: हे काय आहे?

ड्रायव्हर: हँडब्रेक. वायर तुटल्यापासून हाच. चढावर थांबलो की चाकामागं ठेवायचा. गाडी शक्यतो उतारावरच लावतो साहेब. सकाळी ढकलायला सोपं.

मालक: आणि तू मला सांगितलं नाहीस?

ड्रायव्हर: सांगितलं की. तुम्ही म्हणालात, 'स्वल्प अड्जस्ट माडी.'

मिस्त्री: सगळ्या बेंगळुरूचा मंत्र हाय तो. पर मालक, बसच्या सीटवर अड्जस्ट व्हतंय. ब्रेक अड्जस्ट व्हत न्हाई. (ड्रम ठोकून काढतो.) या, बगा.

(मालक पहिल्यांदाच गाडीशेजारी उकिडवे बसतात. ब्रेक शूवरचं लायनिंग झिजून पातळ झालंय. पितळी रिव्हेट वर आलेत आणि त्यांनी ड्रमच्या आत गोल चर पाडलेत. मालकांचा हात आपोआप खिशाकडे जातो. व्हर्निअर बाहेर येतं.)

मालक: लायनिंग एक पॉइंट दोन मिलिमीटर. अरे बापरे. (ड्रममध्ये नख फिरवून) आणि हे चर! हा सरफेस फिनिश आहे? असा जॉब आमच्या क्वालिटीवाल्याने कचऱ्यात फेकला असता.

मिस्त्री: ह्या जॉबवर रोज दीड टन पासिंगच्या गाडीत तुमचा अडीच टन माल हीट ट्रीटमेंटला जातोय.

मालक: (आवाज खाली) अडीच कोण भरतं?

ड्रायव्हर: तुम्हीच म्हणता ना साहेब, दोन खेपांचं एका खेपेत ने.

मिस्त्री: तुमच्या शॉपमधल्या क्रेनवर किती लिवलंय?

मालक: दोन टन. त्याच्यावर एक किलो उचलू देत नाही.

मिस्त्री: मग हिचे पाटे बगा. कमान असायला पायजे तितं सरळ फळी झालीया. आणि ह्या निपलांत ग्रीस गेल्याला दिवस झालेत. किंगपिन, शॅकल, प्रॉपेलरचा क्रॉस, सगळी हाडं सुकी.

मालक: (उभे राहून, येरझारा घालत) चूक आहे. पद्धतच चूक आहे. तुमकूर रोडवरच्या उड्डाणपुलाचं काय झालं आठवतं ना? २०२१च्या डिसेंबरात बंद केला. आतल्या केबली गंजल्या होत्या. अवजड गाड्या पार २०२४च्या जुलैपर्यंत खालून गेल्या. तेव्हा मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं, 'देखभाल या शब्दाचा अर्थ या देशाला कधी कळणार?'

मिस्त्री: छापलं?

मालक: छापलं.

मिस्त्री: पत्र टाकाय कोण गेलतं?

ड्रायव्हर: मीच. ह्याच गाडीतून.

(मालक पुन्हा उकिडवे बसतात.)

मालक: मिस्त्री, आता काय करायचं ते सांगा. सगळं एकदम करायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येईल.

मिस्त्री: सगळं एकदम करायचंच न्हाई. जुन्या गाडीचा क्रम असतोय. आधी थांबायचं, मग वळायचं, मग चालायचं, सगळ्यात शेवटी दिसायचं. म्हंजे पहिल्यांदा ब्रेक, हँडब्रेकची वायर, टायर. मग किंगपिन, ग्रीस. मग ऑइल, तिन्ही फिल्टर, पंख्याचा पट्टा, कूलंट. टॅपेट आणि नोझल पुढच्या महिन्यात. पॉलिश पुढच्या खंडेनवमीला.

मालक: ब्रेक ऑइल?

मिस्त्री: ते बी बदलायचं. ते हवेतलं पाणी पितंय. पाणी पिलेलं ऑइल तापलं की वाफ धरतंय, मग पेडल मारलं तरी पाय बुडतोय, गाडी थांबत न्हाई.

मालक: आणि हे ड्रम?

मिस्त्री: नवे घ्या, न्हाईतर टर्निंग करून आणा. हितं जवळ कोण करतंय का बगतो...

मालक: (दुखावून) कोण करतंय म्हणजे? पीण्यात उभे राहून विचारताय? माझ्या शॉपला चार लेथ आहेत! ड्रम उतरवा. मी स्वतः जॉब लावतो. किती काढायचं?

मिस्त्री: चर जातील तेवढंच. जास्तीत जास्त व्यास ड्रमवरच कोरलेला असतोय. त्याच्या पुढं गेलासा तर ड्रम भंगारात. आणि डावा-उजवा सारखा काढा. न्हाईतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढंल.

मालक: सारखा? मिस्त्री, दोन्हींत दोन शतांशाचा फरक सापडला तर मी मिशी उतरवीन.

ड्रायव्हर: साहेब, तुम्हाला मिशी नाही.

मालक: तू दगड टाकून ये आधी!

(संध्याकाळ. मालक ड्रम घेऊन परत येतात. शर्ट आता पांढरा राहिलेला नाही. पिकअप एका दमात सुरू होते. धूर थोडा, तोही करडा. खिशातून मालक एक घडी घातलेला कागद काढून डॅशबोर्डवर चिकटवतात. रोज, आठवड्याला, महिन्याला असे रकाने आखलेले.)

मिस्त्री: झकास. लेक आता आमची यादीत आली. ऑपरेटरची सही ड्रायव्हर करंल. सुपरवायझरची?

मालक: मी करेन. (थोडं थांबून) मिस्त्री, एक विचारू? मागच्या वर्षी पूजेला चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. भटजींचे मंत्र चालू होते. अर्ध्यातच गाडी आपण होऊन पुढे गेली, चारी लिंबं चिरडली. भटजी म्हणाले, साक्षात देवीचा कौल. मी त्यांना दक्षिणा दुप्पट दिली.

मिस्त्री: तो दगड त्या दिवशी कुठं हुता?

ड्रायव्हर: पूजेला बरा दिसत नाही म्हणून साहेबांनीच काढायला लावला होता.

मालक: (घसा खाकरून) म्हणजे उद्या ती आपोआप जाणार नाही?

मिस्त्री: हँडब्रेक लावला की हत्ती आला तरी हलायची न्हाई. उद्या कुणीतरी आत बसून, ब्रेक सोडून, पुढं न्यायला लागंल. मालकानंच न्यायची, तोच मान हाय.

मालक: मीच न्यायची?

मिस्त्री: का? चालवाय येत न्हाई?

मालक: चालवता येते. (दार उघडतात. आत जरा वेळ नुसतं बघत राहतात.) पण दहा-अकरा वर्षांत मी हिच्यात कधी बसलोच नाही हो.

(मालक चढून बसतात. सीट करकरते.)

मालक: ही सीट अशी एका बाजूला का कललीये?

ड्रायव्हर: इतकी वर्षं खाली दगड होता साहेब.