निघालेले गृहस्थ

कोथरूडपासून वाकडपर्यंत पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, एक तरी गृहस्थ कॅनडाला निघालेले असतात. ही निघण्याची क्रिया साधारण आठ-दहा वर्षं चालते.

ओळखायची खूण दिवाणखान्यात सापडते. तिथे सोफा नसतो. पाहुण्यांकडे प्लास्टिकच्या खुर्च्या सरकवत गृहस्थ म्हणतात, "आता कशाला उगाच खर्च? जायचंच आहे." याच न्यायाने फ्रीजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरला जातो, मोरीचा नळ चिंधीने बांधलेला असतो, आणि कामाच्या मावशी दिवाळीचा बोनस घेताना विचारतात, "दादा, मग यंदा नक्की का?" घरात टिकाऊ वस्तू दोनच. एक, माळ्यावरच्या अवाढव्य बॅगा, ज्यात तूर्त गोधड्या आहेत. दुसरी, उणे ३० अंशांत चालणारं जाकीट. आमच्या गृहस्थांनी ते महाबळेश्वरला घालून पाहिलं होतं. वेण्णा लेकवर मक्याचं कणीस खाता खाता त्यांना घेरी आली.

२०१५ साली कॅनडाने गुणांवर लोकांना बोलावण्याची एक्सप्रेस एन्ट्री पद्धत सुरू केली तेव्हा ते पस्तिशीत होते. १२०० पैकी गुण मिळणार, हे ऐकताच ते खुलले. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर वाढलेली पिढी ही. जिथे गुण आहेत तिथे क्लास असणार आणि जिथे क्लास आहे तिथे आपण पास होणार, यावर त्यांची श्रद्धा. पदवीचे गुण, अनुभवाचे गुण, शिवाय बायकोच्या इंग्रजीचे २०. लग्नाच्या वेळी पत्रिकेत जुळलेले २८ गुण मात्र कॅनडाने जमेस धरले नाहीत.

तर काकूंनीही इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस, दिली. लेखनात काकूंना साडेसात पडले. पंधरा वर्षं ऑफिसात इंग्रजी ईमेल धाडणारे गृहस्थ साडेसहावर अडकले, आणि हवे होते सात. सल्ला असा की नवरा-बायकोपैकी ज्याचे गुण जास्त भरतील त्याने मुख्य अर्जदार व्हावं. "मग अर्ज माझ्याच नावाने करू या ना," काकू म्हणाल्या. त्या हे एकदाच म्हणाल्या. माझ्या मते कॅनडा हुकला तो त्या संध्याकाळी. पुढची सगळी वर्षं म्हणजे नुसता पत्रव्यवहार. निकाल दोनच वर्षं चालत असल्याने गृहस्थ परीक्षेला पुन्हा पुन्हा बसत राहिले. फ्रेंच आल्यास वरचे ५० मिळतात असं कळलं तेव्हा फ्रेंचचा क्लासही लावला. आमचा वॉचमन अजून त्यांना 'बोंजूर' म्हणतो. ते स्वतः विसरले.

सगळ्यांत वाईट दिवस वाढदिवसाचा. जोडप्याने अर्ज केला तर तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला वयाचे ५ गुण जातात, मग १०-१० जाऊ लागतात आणि ४५ व्या वर्षी शून्य. आई औक्षण करून म्हणायच्या, "शंभर वर्षं जग." गृहस्थ केविलवाणे होऊन म्हणायचे, "अगं, तिकडे पंचेचाळीसलाच संपतं."

एकदा मात्र आशेला भरतं आलं. १३ फेब्रुवारी २०२१ च्या ड्रॉमध्ये कॅनडाने अवघ्या ७५ गुणांवर २७,३३२ लोकांना बोलावलं. गृहस्थांकडे त्याच्या कितीतरी पट गुण! त्यांनी पेढे आणले, वाटले, आणि मग पूर्ण बातमी वाचली. ते बोलावणं आधीच कॅनडात राहून नोकरीचा अनुभव घेतलेल्यांसाठी होतं. म्हणजे आतल्यांनाच आत घेतलं. पेढे चांगले होते.

पुढे ब्रॅम्प्टनचा मावसभाऊ नोकरीचं पत्र मिळवून देणार होता. त्याचं मिळवणं चालू असतानाच, मार्च २०२५ मध्ये, नोकरीच्या पत्राचे गुणच रद्द झाले. त्याच वर्षी गृहस्थांना पंचेचाळीस पूर्ण झाली.

अशा माणसाने स्वप्न सोडलं हे तो स्वतः सांगत नाही. तो कॅनडाला नावं ठेवायला लागतो. "तिथे आता काही राहिलं नाही हो. टोरांटोत घर घेववत नाही, डॉक्टरची तारीख मिळायला महिने लागतात." हेच मुद्दे पूर्वी आम्ही मांडायचो आणि ते खोडून काढायचे. मग एका रविवारी सोफा आला. इंग्रजी एलच्या आकाराचा, लिफ्टमध्ये न मावणारा. चौघांनी जिन्यातून चढवला तेव्हा गृहस्थ पुढे उभं राहून दिशा दाखवत होते. मोरीचा नळही त्याच आठवड्यात बदलला.

इतकी वर्षं सोसायटीच्या सभेकडे न फिरकलेला हा माणूस पुढच्या सभेला पहिल्या रांगेत होता. टाकीची गळती, सिंकिंग फंड, डेव्हलपरचा प्रस्ताव, सगळ्यावर बोलला. कागदपत्रं जमवण्यात, त्यांच्या साक्षांकित प्रती काढण्यात आणि उत्तराची वाट पाहण्यात त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. आम्ही त्याला बिनविरोध सेक्रेटरी केलं. सोसायटीला तो दहा वर्षं उशिरा मिळाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम म्हणून त्याने पार्किंगच्या वाटपाला गुणपद्धत लावली. मेंटेनन्स वेळेवर भरल्याचे गुण, सोसायटीत राहिलेल्या वर्षांचे गुण, आणि वयाचे गुण. वयाचे गुण दर वाढदिवसाला वाढतात. यंदा पहिला नंबर तळमजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींचा लागला. आजींकडे गाडी नाही. त्यांच्या जागेचं काय करायचं यावर येत्या रविवारी सभा आहे. सभासदांनी वेळेवर यावं.