नटराज विकत घेणाऱ्या महाशयांस

रा. रा. संग्राहक महाशय यांस,

पत्राच्या माथ्यावर 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुम्हाला नमस्कार घालायची माझी इच्छा नाही, तेव्हा थेट विशेषावर येतो.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही न्यूयॉर्कला असाल, लंडनला असाल, आपल्या मुंबईतल्या एखाद्या उंच इमारतीतही असाल. तुमच्या दिवाणखान्यात काळ्या दगडी चौथऱ्यावर, वरून दिव्याचा नेमका झोत सोडून, चोळ काळातला नटराज उभा केलेला आहे. पाहुणे आले की तुम्ही हातातला पेला सावरत त्यांना त्या उचललेल्या पायाबद्दल, ज्वाळांच्या प्रभावळीबद्दल, विश्वाच्या नृत्याबद्दल सांगता. दांडगी अभिरुची आहे तुमची! ती एवढी दांडगी आहे तर एक करा. पाहुणे गेले की गुडघे टेकून मूर्तीचं पीठ बघा. त्याला आरपार भोकं आहेत, कड्या आहेत. त्यांच्याबद्दल तुम्ही पाहुण्यांना काय सांगता?

ती शोभेची नाहीत. त्यांत दांडे घालून, दोर आवळून देवाला खांद्यावर घेतात. गाभाऱ्यातलं लिंग जागचं हलत नाही, म्हणून तमिळ देशात हे बाहेर पडणारे देव पंचलोहात ओतले गेले. स्वामीमलैचे स्थपती आजही तशाच मूर्ती करतात: आधी मेणाची, तिच्यावर मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. एका साच्यातून एकच मूर्ती निघते, कारण साचा फोडावाच लागतो. ओतली ती खांद्यावर बसून गावातून हिंडण्यासाठी. ज्यांना देवळापर्यंत येता येत नाही त्यांच्या दारापर्यंत जाणं, हे या देवाचं काम. तुम्ही हिंडणारा देव आणून खिळवून ठेवलात, आणि वर त्याच्या गतीचं कौतुक करता.

हे देव अमर आहेत, पण अमरालाही दिवस काढावा लागतो, आणि आमच्याकडे तो कसा काढायचा हे ठरलेलं असतं. पहाटे गाणी म्हणून उठवायचं. दूध, नारळपाणी, चंदन, विभूती यांनी न्हाऊ घालायचं. नेसवायचं, सजवायचं, जेवू घालायचं. रात्री शिवाच्या पादुका पालखीत घालून देवीच्या शेजघरात न्यायच्या आणि दार ओढून घ्यायचं. नटराजाला मात्र वर्षातून सहाच अभिषेक, त्यातला मोठा मार्गळी महिन्यात, तिरुवादिरै नक्षत्रावर. त्या दिवशी नैवेद्याला तांदूळ भाजून, गूळ घालून केलेली कळी असते. तुमच्याकडे गेल्यापासून त्याला कळी मिळालेली नाही. तुमच्या घरी त्याला कुणी उठवत नाही आणि कुणी झोपवतही नाही. रात्री दिवाणखान्याचे दिवे मालवता, तेवढीच त्याची शेजारती.

हे तुम्हाला भाबडं वाटत असेल, तर आमच्या पंढरपूरला या. आषाढीच्या यात्रेत विठ्ठलाचा पलंग काढतात. देव रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो, म्हणून त्याच्या पाठीशी लोड ठेवतात. यात्रा सरली की शिणवटा घालवायला प्रक्षाळपूजा होते, रात्री देवाला काढाही देतात, आणि मग पलंग पुन्हा आत येतो. हे करणाऱ्यांना मूर्ती दगडाची आहे हे तुमच्याइतकंच कळतं. पण जो तुमच्यासाठी तिष्ठत उभा राहिला त्याचे पाय दुखले असतील, एवढी जाण त्यांना आहे. हाच विठ्ठल कृष्णदेवरायानं विजयनगरला नेला आणि भानुदासांनी तो परत आणला, असं वारकरी परंपरा सांगते. रायानं निदान देवाला देव म्हणून नेलं होतं.

तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. 'आम्ही नेल्या नसत्या तर या मूर्ती गंजून, वितळवून नाहीशा झाल्या असत्या. आणि तुमच्या संग्रहालयांत तरी देव काचेआडच आहेत ना?' तर हे पत्र मी मुद्दाम चेन्नईच्या एग्मोरमधून लिहितोय. पँथिऑन रोडवर १८५१ मध्ये स्थापन झालेलं सरकारी संग्रहालय आहे, आणि त्याच्या ब्राँझ दालनातली मंडळी मला चांगली ओळखीची आहेत. तिथला तिरुवेंगाडूचा अर्धनारीश्वर पाहा. उजवीकडे शिवाचे दोन हात, डावीकडे पार्वतीचा एक. उजवी मांडी सपाट, डावी कंबर भरून आलेली, आणि दोन्ही देह जिथे मिळतात तिथे सांधा म्हणून सापडत नाही. उजवा हात कोपरात वाकवून तो कशावर तरी रेललाय. तिथे नंदी असायचा, आता नाही. हजार वर्षं तो त्या नसलेल्या नंदीवर भार टाकून उभा आहे आणि तोल ढळलेला नाही. दालनातल्या काही मूर्तींचे नाकडोळे बोथट झालेत. ती शतकानुशतकांच्या अभिषेकांची झीज आहे, पुजाऱ्यांच्या तळव्यांची.

या मंडळींनाही नव्या जगात राहणं सोपं गेलेलं नाही. दुधातुपानं न्हाणाऱ्यांना इथे हवेतल्या दमटपणाचीसुद्धा भीती. क्लोराइडमुळे धातूवर हिरवी भुकटी धरते, त्याला ब्राँझचा रोग म्हणतात. त्यावर उपचार करायला या संग्रहालयानं १९३० मध्येच रासायनिक प्रयोगशाळा काढली. अंगाला पाणी लागत नाही, फूल लागत नाही. भक्त तिकीट काढून येतात आणि पाच वाजता बाहेर काढले जातात. हा वनवास आहे, मी नाकारत नाही.

तरीही तुमच्या घरात आणि या घरात फरक आहे. इथल्या कित्येक मूर्ती जमिनीतून आल्या. परचक्र आलं की पुजारी देवांना स्वतःच्या हातांनी पुरून ठेवत. पुढे ठिकाण सांगणारं कुणी उरलं नाही, आणि शेकडो वर्षांनी नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या कुदळीला देव लागले. गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्यानं ते सरकारजमा झाले आणि एग्मोरला आले. आले ते गावाचं नाव घेऊन. तिरुवेंगाडू, तिरुवालंगाडू, हे पाटीवर लिहिलेलं आहे. त्या गावचा माणूस एग्मोर स्टेशनात उतरला तर चालत येऊन म्हणू शकतो, हा आमचा. तुमच्या मूर्तीखाली काय लिहिलंय? 'दक्षिण भारत, सुमारे अकरावं शतक, खासगी संग्रह.' गाव खरवडून काढलंत. गावाचं नाव राहिलं तर पोलीस येतील, हे तुम्हाला माहीत होतं.

आणि सौंदर्याची तहान म्हणाल, तर रोदँ तुमच्यापेक्षा थोडा बरा शिल्पकार होता. त्यानं या मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाचे नुसते फोटो पाहिले आणि त्यावर भारावून निबंध लिहिला. मूर्ती घरी नेल्याशिवाय त्याचं अडलं नाही.

तुमच्या घराण्याचा इतिहास तुम्हाला सांगायला हवा. शिवपुरम् नावाचं खेडं आहे, कुंभकोणमजवळ. १९५१ मध्ये तिथे जमिनीतून नटराज निघाला. १९५४ मध्ये दुरुस्तीला म्हणून दिला, आणि परत आली ती नक्कल. गाव वर्षानुवर्षं त्या नकलेला हात जोडत राहिलं. १९६५ च्या आपल्या पुस्तकात ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी लिहिलं, तेव्हा उघड झालं की देवळातला देव खोटा आहे आणि खरा परदेशात. १९७३ मध्ये तो अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन यांनी विकत घेतला. आपण अलीकडे घेतलेली आशियाई कला बहुतेक चोरटीच होती, हे त्यांनी वर्तमानपत्राला मोकळेपणानं सांगून टाकलं होतं. पुढे भारताशी तडजोड झाली ती अशी, की दहा वर्षं मूर्ती त्यांच्याकडे राहील. १९८६ मध्ये देव सुटला. चोरीचा माल दहा वर्षं मांडून ठेवायची सवलत तुमच्या थरातल्या माणसालाच मिळते. आमच्याकडे सायकलचोरालाही कुणी इतकं सांभाळून घेत नाही.

तमिळनाडूतल्याच पत्तूर गावचा नटराज १९७६ मध्ये एका शेतमजुराला झोपडीशेजारी खणताना सापडला. हातोहात विकला जात लंडनला गेला आणि १९८२ मध्ये एका कॅनडियन कंपनीनं खोट्या कागदपत्रांवर घेतला. खटल्यात पत्तूरच्या पडक्या देवळातलं शिवलिंग स्वतः दावेदार म्हणून उभं राहिलं, आणि इंग्रज न्यायाधीशानं ते मान्य केलं. मूर्तीला चिकटलेली माती, वाळवीच्या खुणा तपासल्या गेल्या, त्याच गावात निघालेल्या इतर मूर्तींशी ताडून पाहिल्या. १९९१ मध्ये अपील कोर्टानं देवळाच्या बाजूनं कौल दिला आणि देव भारतात परत आला. तुमचे तज्ज्ञ त्या मूर्तीवरून हात फिरवून शैली सांगत होते, तेव्हा तिच्या अंगावर पत्तूरची माती होती. ती कुणालाच दिसली नाही?

श्रीपुरंदान या तमिळ खेड्याचं तर जखमेसारखं ताजं आहे. तिथल्या देवळात रोजची पूजा थांबलेली, दार बंद. तेवढी संधी साधून २००६ मध्ये मूर्ती गेल्या. २००८ मध्ये नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं पन्नास लाख डॉलरला घेतला. विकणारा सुभाष कपूर, न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर दुकान असलेला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं काही दशकांपूर्वी देवळात जाऊन काढलेले फोटो होते म्हणून ओळख पटली, आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत मूर्ती परत केली. याच कपूरनं तंजावरच्या आपल्या सरफोजी राजांचं, मुलगा शिवाजीसह असलेलं चित्र २००६ मध्ये अमेरिकेच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाला ३५ हजार डॉलरला विकलं होतं. तेही २०१५ मध्ये त्यांना सोडावं लागलं. ज्या भोसल्यांच्या घराकडे आजही तंजावरच्या मोठ्या देवळाची वंशपरंपरागत विश्वस्तकी आहे, त्यांचं चित्र. मराठी माणूस म्हणून हे मला वेगळं लागतं.

कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली, २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच्याकडून घेणाऱ्या काही संग्रहालयांनी मूर्ती परत केल्या, सोबत खेद व्यक्त करणारी पत्रकं काढली. तुमच्याच पंथातले एक अब्जाधीश मायकेल स्टाइनहार्ट यांनी २०२१ मध्ये चोरीच्या १८० प्राचीन वस्तू सोडल्या आणि पुन्हा कधी प्राचीन वस्तू घेणार नाही असं कबूल केलं. खटला नाही. कुलूप फोडणाऱ्याला भाकरीची ओढ असते, दलालाला पैशाची. तुम्हाला कसली होती? तुम्ही पैसे मोजले नसते तर श्रीपुरंदानचं कुलूप कुणी कशाला फोडलं असतं?

सुटून आलेल्या देवांचे हाल मात्र संपत नाहीत, आणि तेही तुमच्याच खात्यावर आहेत. ते आता मुद्देमाल असतात. त्यांना क्रमांक पडतो, पंचनामा होतो, न्यायालयात हजर करावं लागतं. एका देवळात तर चोरीला गेलेली मूळ मूर्ती सापडली, विधीपूर्वक पुन्हा बसवली, कुंभाभिषेक झाला, आणि मग तपासणीसाठी तिला पुन्हा हजर करा असा हुकूम निघाला. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की देवाला असं समन्स काढून बोलावता येत नाही, वकील पाठवून जागेवर पाहणी करा. बाकीचे कित्येक देव सरकारी मूर्तिकेंद्रांत, गजांच्या आड, दाटीवाटीनं उभे आहेत. गावाला देऊळ आहे, पण राखण नाही, म्हणून देव परत जात नाही. ते भांडण आमचं आमच्या सरकारशी आहे, आणि आम्ही ते भांडतो आहोत. त्याची ढाल करून तुम्ही मूर्ती दाबून ठेवू नका.

एग्मोरहून रात्री तंजावर-कुंभकोणमकडे गाड्या सुटतात आणि पहाटे पोचतात. देवाच्या गावचा रस्ता इतका जवळ आहे. राहिलाय तो तुमच्या दारापासून इथपर्यंतचा. मूर्ती जवळच्या भारतीय वकिलातीत द्या. अनामिक राहायचं असेल तर राहा, तुमचा फोटो छापायची आम्हाला हौस नाही. मार्गळी दर डिसेंबरात लागतो, त्याआधी द्या. आणि नुसती मूर्ती नको, कागदही द्या. कुणाकडून घेतलीत, किती मोजलेत, कुठल्या बंदरातून कुठल्या नावाखाली आली, अस्सलपणाचा दाखला कुणी सही करून दिला, तिच्याबरोबर त्याच पेटीतून आणखी काय आलं आणि ते आता कुणाच्या दिवाणखान्यात आहे. तुम्ही एकटे नाही हे आम्हाला माहीत आहे. बाकीच्यांचे पत्ते हवे आहेत.

एग्मोर, चेन्नई
आपला नव्हे, त्या नटराजाच्या गावाचा,
एक मराठी माणूस