टाळू कोरडी ठणठणीत करण्याची शास्त्रोक्त रीत

पहिली अट, फेसावर गाढ श्रद्धा हवी. फेस दांडगा म्हणजे स्वच्छता दांडगी, हे मनाशी पक्के केले की पुढचे काम सोडियम लॉरिल सल्फेट चोख बजावते. या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि मळ वाहून जातो. इथवर तक्रारीला जागा नाही. पण मळातले तेल कोणते आणि कातडीचे स्वतःचे कोणते, हा भेद त्याला कळत नाही. शिवाय वरच्या थरातल्या प्रथिनांनाही ते चिकटते. कातडीची आग अभ्यासायची असली की त्वचारोगतज्ज्ञ मुद्दाम हेच द्रव्य पट्टीखाली लावतात, यावरून त्याची योग्यता ओळखावी. म्हणून शाम्पू पाणी न घालता थेट टाळूवर ओतावा, नखांनी खरवडावे, फेस डोक्यावर तसाच ठेवून बाकीची आंघोळ उरकावी. पाणी कढत घ्यावे, दाह वाढतो. कानामागचा फेस तर राहूच द्यावा.

बाटलीवर ‘सल्फेट-मुक्त’ लिहिले असेल तर खचून जाऊ नये. तीत पुष्कळदा ओलेफिन सल्फोनेट असते आणि तेल ओरबाडण्यात ते सल्फेटला हार जात नाही. सौम्य म्हणून नावाजलेल्या कोकामिडोप्रोपिल बीटेनला अमेरिकेतल्या त्वचादाहतज्ज्ञांच्या संस्थेने २००४ साली ‘वर्षातला ॲलर्जीकारक’ ठरवले होते (दोष बराचसा त्यात उरणाऱ्या अशुद्ध द्रव्यांचा). उलट लॉरेथ सल्फेट नावाने सल्फेट असूनही लॉरिलपेक्षा मवाळ, आणि बीटेन मिसळले की आणखी मवाळ. तेव्हा एका घटकाच्या नावावरून अख्ख्या बाटलीची पत्रिका मांडावी, फसगत ठरलेली.

‘आमच्या शिकेकाईत रसायन नाही,’ असे कुणी म्हणेल. शिकेकाई-रिठ्याचा फेस सॅपोनिनचा, आणि तेही तेल सोडवणारे रसायनच. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट, ते टाळूला मानवते, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल. अंगाचा साबण मात्र अल्कधर्मी, आपल्या कामाला उत्तम. डोके धुणेच सोडून वर तेल थापण्याचा मार्गही आहे. मॅलेसेझिया नावाची बुरशी टाळूच्या तेलावर जगते, त्यातून ओलेइक आम्ल सुटते, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या खांद्यावर कोंडा पडतो.

टाळू शाबूत ठेवायचीच असेल, तर शाम्पू मगभर पाण्यात पातळ करावा आणि लगेच खळखळून धुवावा. कोंड्यावरचा केटोकोनाझोलचा शाम्पू मात्र तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा लागतो.