तुमचा फणस, आमचं नेट

वहिनी, नेट गेलं म्हणून माझ्यावर का तापता? कनेक्शन आमच्या भाऊजींचं. मी त्यांना फक्त दोन वेळा जेवायला वाढते. पण वाढता वाढता इतकं ऐकलंय, की दिल्लीत जाऊन भाषण ठोकीन.

खरं सांगू? रागावणार नसाल तर. तुमचा फणस. हो, तोच. टेकडीवरच्या खांबापासून तुमच्या पत्र्यावरच्या डिशपर्यंत सरळ रेघ मारली, तर ती नेमकी त्याच्या शेंड्यातून जाते. भाऊजी वापरतात ते पाच गिगाहर्ट्झ. त्याला समोरासमोर दिसावं लागतं. पावसात पानं भिजली की सिग्नल तिथेच मुरतो आणि तुमच्या नातवाचा क्लास बंद. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी झाडाझुडपांतून पार निघून जातात, पण त्या भाऊजींना देतो कोण?

त्या लिलावात घ्याव्या लागतात, वीस-वीस वर्षांसाठी. आणि विकतात तेही आख्खं सर्कल. आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र, वर गोवा. २०२२ च्या लिलावात देशभरात दीड लाख कोटींची बोली लागली. भाऊजींना हवंय चार गावांपुरतं. ‘पणजीसकट घ्या’ म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

तसं लहान कंपनीनं लिलाव जिंकलाच नाही असं नाही हं. २०१० साली ब्रॉडबँडच्या लिलावात इन्फोटेल नावाची, कोणी फारसं नाव न ऐकलेली कंपनी बावीसच्या बावीस सर्कल घेऊन गेली. भांडवल जेमतेम अडीच कोटी, बोली साडेबारा हजार कोटींच्या वर! आणि त्याच दिवशी रिलायन्सनं ती कंपनी आपल्या पदरात घेतली. भाऊजी म्हणतात, असं लहान असणं आपल्यालाही परवडेल.

मग उरतं ते फुकटातलं. लहरींचं गायरान म्हणा ना. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं पाच गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. त्याआधी उघड्यावर वापरायला ५० मेगाहर्ट्झच होता. भाऊजींनी तेव्हा पेढे वाटले होते, आठवतंय? पण गायरानात कोणाचीही गुरं शिरतात. हायवेवरच्या रिसॉर्टवाल्यांनी त्याच चॅनेलवर डिशा लावल्या, की इकडे स्पीड बसला. तक्रारीची सोयच नाही. नियमच असा, की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला झाला तर रडायचं नाही. मग भाऊजी रात्री बाराला गच्चीवर लॅपटॉप घेऊन रिकामं चॅनेल हुडकत बसतात. सापडलं की वरून ओरडतात, ‘लागलं!’ आणि घरातली सगळी पोरं जागी.

जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीनं. ह्याच आपल्या पालघरात, खामलोलीकडे, आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर सरांच्या मंडळींनी टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून गावांना नेट देऊन दाखवलं होतं. झाड आडवं आलं तरी सिग्नल पोचायचा. त्यांनी हिशेबही मांडला, की त्या पट्ट्यातल्या पंधरा चॅनेलपैकी निदान बारा तरी देशात जवळपास सगळीकडे मोकळी आहेत. असणारच, अँटेनावर दाखवणारं एकटं दूरदर्शन, आणि ते तरी अँटेनावर बघतंय कोण? पण प्रयोगाला परवानगी मिळाली, धंद्याला नाही. मोबाइल कंपन्या म्हणतात, आम्ही पैसे मोजायचे आणि यांना फुकट? त्यांचंही अगदीच खोटं नाही म्हणा. पण रिकामं ठेवून कोणाचं पोट भरतं? सर पुढे दिल्लीत सचिव झाले, आणि चॅनेलं अजून रिकामीच.

बरं, लिलावाशिवाय काही देताच येत नाही असंही नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात उपग्रहवाल्यांना तशी सोय आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात तर आपल्या राज्य सरकारनं गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमसाठी स्टारलिंकशी इरादापत्रसुद्धा केलं. त्या बिचाऱ्या जिल्ह्यांना नेट मिळो, माझं काही म्हणणं नाही. पण आकाशातल्याला सवलत आणि टेकडीवरच्याला लिलाव, हा कुठला न्याय? मी आपलं भाऊजींना म्हटलं, मग तुम्हीही वरच जा. सासूबाईंनी असे डोळे वटारले की भाकरी तव्यावरच राहिली.

तर झाड पाडा असं नाही म्हणत मी, वहिनी. टेकडीकडची फांदी तेवढी उतरवा. माणूस भाऊजी देतील, कोयता आमचा. कुयऱ्या निघतील त्यातल्या दोन इकडे टाका, भाजी मी करते. आणि दोन महिन्यांचं बिल राहिलंय तुमचं. मी नाही हो, भाऊजीच म्हणत होते.