बटण आधी, दिवा नंतर

स्मार्ट दिवे लावलेल्या घरात भिंतीवरच्या बटणावर सेलोटेप चिकटवलेली असते आणि त्यावर स्केचपेननं लिहिलेलं असतं, 'बंद करू नये'. ते वाचलं की मला राग येतो. घरमालकाचा नाही. ज्यानं त्याला बल्ब विकले आणि बटणाचं काय करायचं हे सांगितलं नाही, त्याचा.

स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. दिवा विझलेला दिसला तरी आतला रेडिओ हुकमाची वाट पाहत जागा असतो. कुणी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब आंधळा-बहिरा झाला. मग मोबाइलवर कितीही बोटं आपटा. बल्ब झिगबी या रेडिओ पद्धतीचे असतील तर नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. हे बल्ब एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, त्यामुळे पॅसेजमधला एक बंद केला तर पलीकडच्या खोलीतलाही अधूनमधून ऐकेनासा होतो. म्हणून टेप. घरात पिढ्यानपिढ्या सगळ्यांना येणारी एक गोष्ट टेप लावून बंद करायची आणि त्याला प्रगती म्हणायचं, हे मला मान्य नाही.

दिवा कोण लावतं, हे आधी बघा. पहाटे उठणारी आजी लावते. पोळ्यांना येणाऱ्या मावशी लावतात. नाशिकहून आलेले काका रात्री पाणी प्यायला उठले की लावतात. यांच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये तुमचं अ‍ॅप नाही, आणि असायचं कारणही नाही. तेव्हा खरेदीची सुरुवात बटणापासून करा, बल्ब मागाहून बघता येतील.

सध्या काचेच्या टच पॅनलची मोठी चलती आहे. इंटिरियरवाले तेच आधी दाखवतात. ते स्वयंपाकघरात आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत बसवू नका. अंधारात आपला हात भिंतीवरून सरकतो, बोर्डाची कड लागते, मग बोट एकेक बटण चाचपत जातं: पहिलं ट्यूब, दुसरं पंखा, तिसरं बाथरूम. बोटांना हा क्रम पाठ असतो. सपाट काचेवर चाचपायला काही नसतंच, आणि चाचपताना बोट जिथे लागेल ते सुरू होतं. कणकेच्या, ओल्या हातानं तर ते पॅनल नीट ऐकतही नाही.

आहे ती बटणं तशीच ठेवून त्यांच्या मागे, बोर्डाच्या डबीत, छोटं रिले मॉड्यूल बसवणं हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग. बटण पहिल्यासारखंच चालतं, फोनवरूनही दिवा लागतो, बल्ब साधा नेहमीचा राहतो. इथे न्यूट्रलचा प्रश्न येतो. दिव्याच्या बटणाकडे फेज येते आणि तिथून वर दिव्याकडे जाते. न्यूट्रल मात्र परस्पर होल्डरला गेलेली असते. मॉड्यूलला स्वतः जागं राहायला दोन्ही लागतात. आपलं नशीब असं की आपल्याकडे बटणं, पंख्याचा रेग्युलेटर आणि एक प्लग असा एकत्र बोर्ड असतो, आणि प्लगपर्यंत न्यूट्रल आलेली असतेच. त्यामुळे मोठ्या बोर्डात ती बहुतेक वेळा सापडते. अडचण येते ती पलंगाशेजारच्या टू-वे स्विचला, जिन्यातल्या बटणाला, बाथरूमबाहेरच्या एकट्या बटणाला. 'न्यूट्रल नको' म्हणून विकली जाणारी मॉड्यूलं बल्बमधूनच थोडी वीज ओढून जगतात; मग कमी वॉटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो, नाहीतर लुकलुकतो. दिव्याजवळ कपॅसिटर लावला की हे बऱ्याचदा थांबतं. पण बल्ब लागल्यावर हे कळण्यापेक्षा घेताना कळलेलं बरं. आणि दिव्याचा डिमर पंख्याला कधीही जोडू नका. पंखा घूं-घूं करतो, मोटर तापते. पंख्यासाठी वेगळं मॉड्यूल येतं, तेच घ्या.

जिथे न्यूट्रल नाही आणि भिंत फोडायची नाही, तिथे खरं वायरलेस बटण कामाचं. ही भिंतीला चिकटवायची छोटी डबी असते, तिला एकही तार नसते. पण डबी-डबीत फरक आहे. वायफायचं बटण सेलवर चालत असेल तर ते सेल वाचवायला झोपून असतं. दाबल्यावर उठतं, राउटरला ओळख देतं, मग दिवा लागतो. तेवढ्यात माणूस दुसऱ्यांदा दाबतो आणि लागलेला दिवा विझतो. झिगबीच्या बटणाला हब, म्हणजे उपकरणांना जोडणारी मधली पेटी, लागतो, पण ते चटकन ऐकतं आणि सेलही बराच टिकतो. सेलशिवाय चालणारं बटणही आहे. सीमेन्समधून २००१ साली वेगळ्या झालेल्या एनओशन या जर्मन कंपनीनं हे तंत्र वाढवलं: बटण दाबलं की आतलं चुंबक वेटोळ्यासमोरून झटक्यात हलतं, त्यातून चिमूटभर वीज तयार होते आणि तेवढ्यात निरोप रवाना होतो. दाबताना खट्ट असा आवाज येतो, अंगठ्याला तो झटका जाणवतो. मला हे बटण फार आवडतं. ज्यांची बोटं संधिवातानं आखडली आहेत त्यांना मात्र ते जड जातं, म्हणून दुकानात त्यांच्याच हातानं दाबून बघा.

सेलवालं घेणार असाल तर मागचं झाकण स्क्रूनं बंद होतं ना, हे बघा. आत नाण्यासारखा चपटा लिथियम सेल असतो. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. घरात रांगतं पोर असेल तर नखानं उघडणारं झाकण असलेलं बटण घरात आणूच नये. या एका बाबतीत मी तडजोड मानत नाही.

न्यू जर्सीच्या मुलानं बॅगेतून आणलेली बटणं, हा मराठी घरांचा खास विषय. मुलाचं प्रेम खरं, पण तिथली झेड-वेव्ह या दुसऱ्या रेडिओ पद्धतीची उपकरणं ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि भारतात त्यासाठी ८६५ची पट्टी आहे. इथल्या हबशी त्यांचं जुळणार नाही. तारेनं जोडायची तिथली बटणं १२० व्होल्टसाठी केलेली असतात, ती आपल्या २३० व्होल्टला लावणं धोक्याचं. सेलवर चालणारं झिगबीचं बटण आणलं तर चालेल, ते तिथे आणि इथे २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतं.

आता कंपन्यांबद्दल. बटण तुमच्या भिंतीवर आणि हुकूम मात्र परदेशातल्या सर्व्हरमार्फत फिरून येणार, ही रचना विकणाऱ्यांनी ग्राहकाला जोखीम सांगायलाच हवी. ओसरामनं आपल्या लाइटिफाय दिव्यांचे सर्व्हर ऑगस्ट २०२१मध्ये बंद केले. इनस्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२मध्ये अचानक बंद पडले आणि लोकांच्या घरातलं अ‍ॅप निकामी झालं. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी कंपनी विकत घेऊन ते पुन्हा सुरू केले. पैसे देऊन घेतलेली वस्तू चालू राहावी म्हणून ग्राहकांना कंपनी विकत घ्यावी लागते, ही शरमेची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेलं मॅटर हे मानक निदान घरातला हुकूम घरातल्या घरात ठेवतं, म्हणून खोक्यावर त्याचं चिन्ह शोधा. आणि विक्रेत्याला इंटरनेटची तार काढायला लावून त्याच्यासमोर बटण दाबा. दिवा लागला नाही तर पुढच्या दुकानात जा.

आपल्याकडे लाइट जाते, हेही विसरू नका. मध्यरात्री दोनला वीज परत आली की अनेक स्मार्ट बल्ब कारखान्यातल्या सेटिंगप्रमाणे पूर्ण उजेडात पेटतात आणि झोपलेलं घर उठतं. वीज आल्यावर आधीच्या स्थितीत राहायची सोय आहे का, हे विचारा. असेल तर पहिल्याच दिवशी ती लावून घ्या.

भाड्याच्या घरात मालक बोर्ड उघडू देत नाही. तिथे नाइलाजानं स्मार्ट बल्ब आणि चिकटवायचं बटण घ्यावं. ते जुन्या बटणाला लागूनच, त्याच उंचीवर लावा आणि जुन्यावर टेपऐवजी घट्ट बसणारं झाकण बसवा. घर सोडताना सगळं काढून नेता येतं.

'स्मार्ट होम' म्हणून जाहिराती करणारे बिल्डरही या जबाबदारीतून सुटत नाहीत. अमेरिकेच्या वायरिंग संहितेत २०११पासून दिव्याच्या बटणाच्या डबीत न्यूट्रल हवी असा नियम आला, त्याला काही अपवाद आहेत एवढंच. आपल्याकडे ब्रोशरमध्ये व्हॉइस कंट्रोल छापलेलं असतं आणि बेडरूमच्या टू-वेला ती एक तार ओढलेली नसते. डबी इतकी उथळ असते की मॉड्यूल आत मावत नाही. फ्लॅट बुक केला असेल तर प्लॅस्टर व्हायच्या आधी साइटवर जा, वायरमनला गाठा, प्रत्येक डबीपर्यंत न्यूट्रल ओढून घ्या आणि डब्या खोल टाकायला सांगा. कॉइलभर तार आणि त्याची दिवसभराची मजुरी, एवढाच खर्च आहे; बिल्डर टाळत असेल तर तो स्वतः द्या.