शून्य कुठे धरलंस?

आमच्या सोसायटीत कुणाचा मोबाइल दिसेनासा झाला की आधी सोफ्याखाली बघायचं आणि मग तिसऱ्या मजल्यावर, काकांकडे. बहुतेक वेळा तो तिथेच असतो. चाकं लावलेल्या अवस्थेत.

काकांनी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं क्वालिटीत काढली. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन आले, व्हर्नियर तिथेच राहिला, मोजायची खोड मात्र घरी आली. मुलानं अमेरिकेहून नातवासाठी लेगोचे ठोकळे आणले होते. नातू दोन वर्षं खेळला आणि मोबाइलमध्ये गेला. ठोकळे आजोबांकडे आले. पाठोपाठ त्याचा काच फुटलेला जुना मोबाइलही आला. "पोरगं मोबाइलमध्ये घुसलं, म्हणून मी मोबाइलच ठोकळ्यांत घुसवला," असं काका सांगतात, आणि आपल्याच वाक्यावर खूश होऊन चहा मागवतात.

चहा येईपर्यंत तुमची शिकवणी होते. काका मोबाइल टेबलावर ठेवतात. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं काढलेलं फिफॉक्स नावाचं फुकटातलं अ‍ॅप उघडतात. पडद्यावर ९.८ येतं. "निवांत पडलाय, हलत नाही, डुलत नाही, तरी ९.८ दाखवतोय. का? सांग." मी म्हणतो, बिघडला असेल. काका माझ्याकडे असे बघतात की मीच रिजेक्ट झालेला माल आहे. "अरे, टेबल त्याला खालून उचलून धरतंय! ते टेबल मोजतोय तो!" तेव्हापासून आमच्या डायनिंग टेबलाबद्दल मला थोडा आदर वाटू लागला आहे.

ठोकळे कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "मोबाइल हातात धरला की हात मोजला जातो," काका म्हणाले. सोसायटीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर धक्का देते, ही त्यांची जुनी तक्रार. मेकॅनिक दर वेळी येऊन 'काही नाही' म्हणून सही घेऊन जायचा. मग काकांनी ठोकळ्यांची घट्ट चौकट केली, तिच्यात मोबाइल बसवला आणि एक अख्खा रविवार लिफ्टमध्ये वरखाली केला. आम्ही सगळे जिन्यानं. मीटिंगमध्ये त्यांनी आलेख दाखवला. दर फेरीला, बरोब्बर दुसऱ्या मजल्याशी, सुईसारखं टोक. मेकॅनिकनं यावेळी झाकण उघडलं आणि एक ढिला बोल्ट आवळला. काकांनी पुढच्या रविवारी पुन्हा मोजलं. टोक गेलं होतं. आम्ही पुन्हा जिन्यानं.

पापडांचं प्रकरण मात्र निराळं. आपण फोन कानाला लावला की पडदा बंद होतो ना, ते काम करणारा सेन्सर वरच्या कडेला असतो. नातवाच्या मोबाइलचा तो सेन्सर काचेबरोबर गेला होता, म्हणून काकूंचा मोबाइल 'दहा मिनिटांसाठी' घेण्यात आला. ठोकळ्यांचा पट्टा, दोन्ही बाजूंना रूळ, एका बाजूला फिरवायचा दांडा, आणि वर पुलावर पालथा मोबाइल. खालून पापड गेला की 'जवळ', पुढे सरकला की 'लांब'. एक जवळ-लांब म्हणजे एक पापड. काकूंनी लाटले होते ६२. यंत्रानं मोजले ७१.

"तू मोजायला चुकलीस," काका म्हणाले.

"अहो, मी चाळीस वर्षं पापड लाटतेय."

"लाटतेस. मोजत नाहीस. शून्य कुठे धरलं होतंस?"

पुढे चौकशीत निघालं की वाळताना कडा वळलेले नऊ पापड दोनदा मोजले गेले. काका कडा वळण्याची टॉलरन्स ठरवायला बसले, एवढ्यात मोबाइल वाजला. व्हायब्रेटवर होता. थरथरत पुलावरून सरकला, पूल घेऊन खाली आला आणि थेट पिठाच्या परातीत पडला. काकूंच्या सिन्नरच्या बहिणीला एवढंच विचारायचं होतं, की झाले का पापड?

असं झालं की काकांना हमखास ते दोन इंग्रज आठवतात. २०१४ साली त्यांनी लेगोच्या यंत्राला सॅमसंगच्या फोनचा डोळा आणि डोकं बसवलं आणि विस्कटलेला रुबिक क्यूब ३.२५३ सेकंदांत जुळवला. "त्यांना फोन कंपनीनं दिला असणार," काका उसासा टाकतात. "बायकोचा नव्हता."

पण लांबचं उदाहरण त्यांना फार वेळ पुरत नाही. आपल्या नाशकातला निलय कुलकर्णी, शाळकरी पोरगा, त्यानं दाबावर चालणारी पावलं मोजायची चटई केली. २००३च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती. २०१५च्या कुंभात या चटईनं १८ तासांत पाच लाख माणसं मोजली. हे सांगताना काका 'शून्य कुठे धरलं' हे विचारत नाहीत. चष्मा पुसतात.

गेल्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि काका माझ्याकडे आले. तरंगत्या ठोकळ्याला चुंबक, वरच्या खांबाला मोबाइल. पाणी चढलं की चुंबक जवळ येणार आणि मोबाइलमधला होकायंत्राचा सेन्सर आकडा दाखवणार. बादलीत चाललं होतं. आता गोदावरी.

घाटावर सगळं नाशिक लोटलं होतं आणि जो तो एकच विचारत होता, पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? कंबरेला आलं होतं. काकांना कंबर हे एकक मंजूर नव्हतं. पायरीवर टोपली वर ओढत बसलेल्या फुलवालीला त्यांनी विचारलं, "मावशी, कंबरेला म्हणजे किती?"

"कंबरेला म्हणजे कंबरेला. छातीला आलं की आम्ही आणखी वर जातो."

"आणि शून्य? शून्य कुठे धरता?"

तिनं काकांच्या हातातल्या रंगीत खांबाकडे पाहिलं, मग काकांकडे. "पायाशी, बाबा. आणिक कुठं धरतात?"

काकांनी खांब माझ्या हातात दिला, छत्री मानेत धरली, वही काढली आणि लिहिलं : शून्य, मारुतीची पावलं. तेवढ्यात खांबावरचा मोबाइल थरथरायला लागला. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून नाव वाचलं. सिन्नर.